आजोबांच्या रायफलीला नेमकं काडतूस कोणतं? जुनी शिकारी रायफल बाळगणाऱ्यांसाठी माहिती

बेळगाव, खानापूर, चंदगड पट्ट्यातल्या जुन्या वाड्यांत असो, की इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या सरदार घराण्यांत, भिंतीवरची किंवा कपाटातली एखादी जुनी शिकारी रायफल हमखास सापडते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, पण रायफली राहिल्या. कुणाकडे पिकाच्या राखणीचा परवाना आहे, कुणी रेंजवर नेमबाजी करतं, तर कुणी वडिलोपार्जित ठेव म्हणून ती जपतं. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच असतो: हिला काडतूस कोणतं घालायचं, आणि गोळी नेमावर का बसत नाही?

इथं अंदाज चालत नाही. काडतूस चेंबरमध्ये बसलं म्हणजे ते त्या रायफलीचंच, असं नसतं. चुकीच्या काडतुसानं जुनी नळी फुटू शकते, आणि ती फुटते तेव्हा चालवणाऱ्याचा चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो.

नुसता बोअर सांगून भागत नाही

'आमची रायफल ३७५ ची आहे' एवढ्यानं काहीच कळत नाही. ३७५ या आकड्याखाली वेगवेगळ्या लांबीची आणि आकाराची अनेक काडतुसं निघाली. १९१२ मध्ये आलेलं ३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम हे त्यातलं एक. दुनळीसाठीचं कडवालं काडतूस वेगळं आणि बोल्ट रायफलीचं वेगळं.

जर्मन ८ मिलीमीटर रायफलींचा घोळ याहून धोक्याचा. ८ बाय ५७ च्या जुन्या रायफलींत गोळीचा व्यास .३१८ इंच असे. १९०५ च्या सुमारास जर्मन लष्करानं .३२३ इंचाची गोळी घेतली. दोन्हींच्या पुंगळ्या जवळपास सारख्याच दिसतात. जाड गोळी जुन्या अरुंद नळीत गेली की आतला दाब धोकादायक वाढतो.

३१५ बोअर कुठून आला?

आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसणारी रायफल ३१५ बोअरची. इंग्रजांच्या काळात ३०३ हे लष्कराचं काडतूस होतं आणि ते सामान्य माणसाच्या हाती पडू नये असं सरकारचं धोरण होतं. म्हणून बीएसएसारख्या कंपन्यांनी हिंदुस्थानासाठी ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ बाय ५० मॅनलिखर काडतुसाच्या रायफली बनवल्या. ८ मिलीमीटर म्हणजेच .३१५ इंच. पुढं ईशापूरच्या रायफल कारखान्यानंही याच बोअरची रायफल काढली. या काडतुसाची मूळ लष्करी गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे सुमारे १६ ग्रॅमची होती.

या रायफलींचं काडतूस पुण्याजवळच्या खडकी कारखान्यात बनतं. पुंगळीच्या बुडावरची 'केएफ' ही अक्षरं 'किरकी फॅक्टरी'ची, म्हणजे खडकीचीच. ३१५ वाल्यांना त्यामुळं निवड फारशी नसते, पण गोंधळही कमी असतो. खरी अडचण संस्थानी काळातल्या इंग्लिश दुनळ्यांची.

नळीवरचे छाप वाचा

इंग्लिश दुनळी उघडून नळीचा खालचा सपाट भाग पाहावा. तिथं बहुतेक वेळा काडतुसाचं नाव, दारूचा प्रकार, दारूचं वजन आणि गोळीचं वजन कोरलेलं असतं. ४५० नायट्रो एक्स्प्रेसवर 'कॉर्डाइट ७०-४८०' असं दिसलं, तर अर्थ सरळ आहे: ७० ग्रेन कॉर्डाइट दारू, ४८० ग्रेनची गोळी, याहून जास्त नाही.

छापावरून आणखी एक गोष्ट कळते. जुन्या एक्स्प्रेस रायफली तीन तऱ्हेच्या असतात:

• काळ्या दारूच्या: १९०० च्या आधीच्या बऱ्याचशा रायफली यात येतात.
• काळ्या दारूच्या नळीसाठी बेतलेल्या, पण सौम्य धूरविरहित दारू चालणाऱ्या.
• पूर्ण ताकदीच्या नायट्रो एक्स्प्रेस.

तिन्हींचं काडतूस मापानं एकच असू शकतं. म्हणजे नायट्रोचं जोरदार काडतूस काळ्या दारूच्या रायफलीत आरामात बसतं, आणि चाप ओढला की व्हायचं ते होतं. छाप पुसट असतील, तर परवानाधारक गनस्मिथकडून चेंबरचा साचा काढून आणि नळीचं माप घेऊनच पुढं जावं.

दुनळीचा नेम एकाच काडतुसाला बांधलेला असतो

दुनळी रायफलीच्या दोन नळ्या समांतर नसतात, पुढं किंचित जवळ आणलेल्या असतात. गोळी नळीत असतानाच धक्क्यानं उजवी नळी उजवीकडं आणि डावी डावीकडं सरकते. कारागीर ठरावीक काडतूस झाडून, हा सरक हिशेबात धरून नळ्या जुळवतो.

त्यामुळं काडतूस मंद असेल, तर गोळी नळीत जास्त वेळ राहते आणि दोन नळ्यांच्या गोळ्या एकमेकींपासून लांब पडतात. काडतूस वेगवान असेल, तर त्या एकमेकींना ओलांडून जातात. गोळीचं वजन आणि वेग मूळच्या जवळ आणणं, हाच खरा उपाय. नळ्यांना हात लावू नये.

नेम बसत नसेल तर आधी हे तपासा

१. नळी: जुन्या काडतुसांच्या टोपीतला मसाला जळून मीठ मागं राहत असे. ते हवेतली ओल ओढतं आणि नळीतले आटे गंजतात. हे मीठ नुसत्या तेलानं जात नाही. आधी पाण्यानं धुवून, कोरडं करून मग तेल लावावं.

२. दस्ता: पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि नळीवर दाब येतो. उन्हाळ्यात बरोबर बसणारी गोळी आषाढात सरकते ती यामुळं. स्क्रू सैल आहेत का, तेही पाहावं.

३. नळीचं तोंड: तिथला छोटा टवकाही गोळी भरकटवतो.

४. काडतुसांचा लॉट: चाचणीची सगळी काडतुसं एकाच लॉटची हवीत.

परवानाधारक रेंजवर टेकू घेऊन ५० मीटरवर पाच गोळ्या झाडाव्यात. मध्ये नळी थंड होऊ द्यावी. गोळ्या एकमेकींजवळ पडल्या, तर काडतूस बरोबर आहे, फक्त माशी जुळवायची. विखुरल्या, तर वरची यादी पुन्हा तपासावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर फरक कशानं पडला ते कळत नाही.

आजोबांच्या पेटीतली जुनी काडतुसं झाडू नयेत. चाप ओढूनही बार झाला नाही, तर रायफल लक्ष्याकडंच रोखून किमान मिनिटभर थांबावं. कधी कधी बार उशिरा होतो.

कायदा काय सांगतो?

शस्त्र कायदा १९५९ प्रमाणं परवान्यावर नोंद असलेल्या बोअरचीच काडतुसं, ठरलेल्या संख्येत, परवानाधारक दुकानातून घ्यावी लागतात. घरी काडतूस भरणं हे परवान्याशिवाय काडतूस बनवणंच ठरतं, आणि तो गुन्हा आहे. परदेशातल्या हौशी लोकांचे दारू भरण्याचे आकडे इथं कामाचे नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात आणि वारसांनाही हीच मर्यादा लागू आहे. परवानाधारक वारल्यास रायफल घरात तशीच न ठेवता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करावी, पोच घ्यावी, आणि मग वारसानं आपल्या नावानं अर्ज करावा.

योग्य काडतूस मिळतच नसेल, तर रायफल तेल लावून जपून ठेवावी. न झाडलेली रायफल पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते, चुकीच्या काडतुसानं फुटलेली पोहोचत नाही.