सर्वश्रेष्ठ कोण? : एका वादाच्या मोजपट्टीचा इतिहास

ब्रॅडमन मोठा की सचिन? मधल्या सुट्टीत हा प्रश्न कुणी काढला की सुट्टी संपल्याची घंटा होते, वाद मात्र संपत नाही. पेले की मॅराडोना, ओवेन्स की बोल्ट, हेही त्याच जातीचे प्रश्न. अशा वादात प्रत्येक जण आकडे फेकतो आणि ज्याचे आकडे मोठे त्याचा आवाजही मोठा होतो.

आमच्यासारख्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना मात्र 'मोठा' हा शब्द एकटा ऐकला की चुकल्यासारखे वाटते. कशाने मोजला? मोजताना बाकीच्या गोष्टी सारख्या होत्या का? आणि कुणाच्या तुलनेत मोठा? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय कोणत्याही मोजमापाला अर्थ येत नाही. खेळांच्या इतिहासात या तिन्ही प्रश्नांची उत्तम उदाहरणे सापडतात. ती क्रमाने पाहू.

एक मैदान, दोन धावा

३ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनच्या ऑलिम्पिक मैदानावर अमेरिकेच्या जेसी ओवेन्सने १०० मीटरची शर्यत १०.३ सेकंदांत जिंकली. वंशश्रेष्ठत्वाचा डांगोरा पिटणाऱ्या नाझी राजवटीच्या राजधानीत या काळ्या खेळाडूने त्या स्पर्धांत चार सुवर्णपदके मिळवली. त्याच मैदानावर १६ ऑगस्ट २००९ रोजी जमैकाच्या उसेन बोल्टने तेच अंतर ९.५८ सेकंदांत कापले. फरक ०.७२ सेकंदाचा. ओवेन्सच्या सरासरी वेगाने हिशेब केला, तर बोल्टने शेवटची रेषा ओलांडली त्या क्षणी ओवेन्स सुमारे ७ मीटर मागे असता.

आता पहिला प्रश्न विचारू : वेळ कशाने मोजली? १९३६ साली अधिकृत वेळ माणसे स्टॉपवॉचने घेत. पिस्तुलाचा धूर दिसला की बटण दाबायचे. डोळ्यांना दिसणे आणि बोट हलणे यांत थोडा वेळ जातो, म्हणून घड्याळ उशिरा सुरू होते. शेवटची रेषा मात्र समोर दिसत असते, धावपटू तेथे केव्हा पोहोचेल याचा अंदाज आधीच येतो आणि बटण वेळेवर दाबले जाते. परिणामी हाताने घेतलेली वेळ खऱ्या वेळेपेक्षा कमी भरते. १०० मीटरसाठी ही तूट ०.२४ सेकंद धरण्याचा संकेत आहे. तो लावला तर ओवेन्सची वेळ १०.५४ होते. शिवाय त्या अंतिम शर्यतीत पाठीमागून वाहणाऱ्या वाऱ्याचा वेग सेकंदाला २.७ मीटर होता, तर बोल्टच्या वेळी तो केवळ ०.९ मीटर होता. म्हणजे घड्याळ आणि वारा या दोन्ही दुरुस्त्या ओवेन्सच्या विरोधात जातात. आवडत्या खेळाडूसाठी दुरुस्त्या करायला बसावे आणि त्यांनी त्याचेच नुकसान करावे, असे प्रामाणिक हिशेबात घडू शकते.

पण हिशेब अजून पुरा झालेला नाही. ओवेन्स कोळशाच्या राखेने बनवलेल्या धावपट्टीवर धावला. प्रत्येक पावलाला ती राख थोडी दबते, सरकते आणि पायाने दिलेल्या ऊर्जेचा काही भाग गिळून टाकते. सुरुवातीला पाय रोवायला आजच्यासारखे ठोकळे नव्हते. धावपटू लहानशा खुरप्याने जमिनीत खड्डे खणून त्यांत पाय टेकवत. बोल्टच्या पायांखाली कृत्रिम रबरी धावपट्टी होती. ऑलिम्पिकमध्ये अशी धावपट्टी प्रथम आली ती १९६८ साली मेक्सिको सिटीत. काही वर्षांपूर्वी कॅनडाच्या आन्द्रे द ग्रास या ऑलिम्पिक पदकविजेत्याला जुन्या पद्धतीचे बूट घालून, ठोकळ्यांशिवाय, कच्च्या धावपट्टीवर पळवून पाहिले. एरवी १० सेकंदांच्या आत धावणाऱ्या या खेळाडूला सुमारे ११ सेकंद लागले. एका माणसाची एक धाव म्हणजे पुरावा नव्हे. ज्या साधनांचा सराव नाही ती ऐन वेळी हातापायांत दिली की कुणीही अडखळेल. तरीही पायाखालची जमीन किती मोठा फरक करू शकते, याची कल्पना त्यावरून येते.

तासाभराचा प्रयोग

जमीन, साधने, हवा हे सगळे सारखे ठेवून पाहिले तर? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी एका खेळाने खरोखरच असा प्रयोग केला.

सायकलिंगमध्ये 'तासाचा विक्रम' नावाचा जुना प्रकार आहे. बंदिस्त वर्तुळाकार मार्गावर एकट्याने तासभर सायकल चालवायची आणि किती अंतर कापले ते मोजायचे. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी बेल्जियमच्या एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम केला. पुढे चाकांची जागा सलग तबकड्यांनी घेतली, सायकलींचे आकार बदलले आणि स्वाराची बैठकही बदलली. १९९६ साली इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने दोन्ही हात पुढे ताणून, हवेत सूर मारल्यासारखी बैठक घेत ५६.३७५ किलोमीटर अंतर कापले.

हे सात किलोमीटर आले कुठून? इतक्या वेगात सायकलस्वाराची बहुतेक सारी शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. बोर्डमनचा वेग मर्क्सच्या सुमारे १.१४ पट होता. १.१४ चा घन जवळजवळ १.४८ येतो. म्हणजे त्याच सायकलीवर, त्याच बैठकीत आणि त्याच हवेत हा वेग गाठायला मर्क्सपेक्षा जवळजवळ दीडपट शक्ती लागली असती. मर्क्स हा आधीच मानवी क्षमतेच्या टोकाला पोहोचलेला खेळाडू होता. त्याच्या दीडपट ताकदीचा माणूस चोवीस वर्षांत जन्माला येत नाही. बदलला होता तो हवेला सामोरा जाणारा आकार.

सन २००० मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने ठरवले की तासाचा विक्रम मर्क्सने वापरली तशाच सायकलीवर व्हायला हवा : गोल नळ्यांची चौकट, तारांची चाके, खाली वळलेली हँडले. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला मँचेस्टरमध्ये बोर्डमन अशा सायकलीवर बसला. तासाच्या शेवटी त्याचे अंतर भरले ४९.४४१ किलोमीटर. अठ्ठावीस वर्षांच्या प्रगतीनंतर मर्क्सपेक्षा दहा मीटर जास्त!

येथे लगेच 'दोघे सारखेच' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो, पण बारकाईने पाहायला हवे. मर्क्सने विक्रम केला ते मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचावर आहे. तेथे हवा विरळ, म्हणून रोध कमी. पण श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही कमी. बोर्डमन जवळपास समुद्रसपाटीच्या उंचीवर, छपराखाली, लाकडी मार्गावर सायकल चालवत होता. १९९६ च्या मानाने त्याचे वयही चार वर्षांनी वाढले होते. सायकल सारखी केली तरी हवा सारखी करता आली नाही आणि माणूसही तोच राहिला नाही. २०१४ मध्ये महासंघाने नियम पुन्हा बदलून आधुनिक सायकलींना परवानगी दिली. २०२२ साली इटलीच्या फिलिप्पो गान्नाने तशा सायकलीवर ५६.७९२ किलोमीटर अंतर कापले.

आपल्या काळाच्या किती पुढे?

सारे काही सारखे ठेवता येत नसेल, तर दुसरी वाट घेता येते. खेळाडूला त्याच्याच काळातल्या खेळाडूंशी ताडून पाहावे. त्यांनाही तीच जमीन, तीच साधने, तीच घड्याळे मिळालेली असतात. ओवेन्सला ही मोजपट्टी लावा. त्याने १९३५ मध्ये लांब उडीत ८.१३ मीटरचा विक्रम केला, तो १९६० पर्यंत कुणालाही मोडता आला नाही. एवढी वर्षे टिकलेला विक्रम आपल्या काळाच्या किती पुढे होता, हे वेगळे सांगायला नको.

या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सर डोनाल्ड ब्रॅडमन. ५२ कसोटी, ८० डाव, १० वेळा नाबाद, ६९९६ धावा, सरासरी ९९.९४. ऑगस्ट १९४८ मध्ये ओव्हलवर शेवटच्या डावात चार धावा झाल्या असत्या तर सरासरी बरोबर १०० झाली असती, पण एरिक हॉलीजच्या चेंडूवर ब्रॅडमन शून्यावर बाद झाले. या आकड्याची गंमत १०० च्या जवळ असण्यात नाही. हेडली, सटक्लिफ, ग्रॅम पोलॉक अशा महान फलंदाजांच्या सरासऱ्या ६० ते ६१ च्या आसपास आहेत, आणि त्यांच्या नि ब्रॅडमनच्या मध्ये मोठे मैदान रिकामे पडले आहे.

हे 'रिकामे मैदान' मोजायचे साधन संख्याशास्त्रात आहे : प्रमाण विचलन. एका वर्गात गणिताची सरासरी ५० आणि प्रमाण विचलन १० असेल, तर साधारणपणे दोन तृतीयांश मुलांचे गुण ४० ते ६० च्या दरम्यान असतात. तेथे ९४ गुण मिळवणारी मुलगी सरासरीच्या ४.४ विचलने वर आहे. शेजारच्या वर्गात सरासरी ७० आणि विचलन ५ असेल, तर तिथले ९२ गुण तेवढेच दुर्मिळ. पेपर वेगळे, वर्ग वेगळे, तरी तुलना करता आली. ऑस्ट्रेलियाचे संख्याशास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिस यांनी २००० साली हीच रीत निरनिराळ्या खेळांना लावली. ब्रॅडमन ४.४ विचलनांवर आले. त्यांच्या मागे फुटबॉलचा पेले ३.७, बेसबॉलचा टाय कॉब ३.६, गोल्फचा जॅक निक्लॉस ३.५ आणि बास्केटबॉलचा मायकेल जॉर्डन ३.४.

वाद मिटला? नाही. प्रत्येक खेळासाठी डेव्हिस यांना एकच आकडा निवडावा लागला. पेलेसाठी गोल चालतील, पण गोलरक्षकासाठी काय मोजणार? दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी बेसबॉलच्या आकड्यांवरून दाखवले की खेळ जसा परिपक्व होतो, सगळेच खेळाडू चांगले होतात, तशी सर्वोत्तम आणि सामान्य यांच्यातली दरी आक्रसते. म्हणजे पूर्वीच्या काळी सरासरीच्या फार पुढे जाणे सोपे होते का, हा प्रश्न उरतोच. ब्रॅडमनच्या ५२ कसोट्यांपैकी ३७ एकट्या इंग्लंडविरुद्ध होत्या. तेव्हाचे क्रिकेटचे जग एवढेच होते.

जे मैदानावर नव्हते

तुलना कुणाशी, हा तिसरा प्रश्न आपल्याला येथे आणून सोडतो. समकालीनांशी तुलना करायची तर समकालीन म्हणजे कोण? ज्यांना मैदानावर येऊ दिले तेवढेच?

अमेरिकेत १९४७ पर्यंत काळ्या खेळाडूंना बेसबॉलच्या प्रमुख स्पर्धांत प्रवेश नव्हता. ते आपल्या वेगळ्या स्पर्धांत खेळत. त्यांतला अव्वल फलंदाज जॉश गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये वारला. तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सनने ही बंदी मोडली. २०२४ साली त्या वेगळ्या स्पर्धांचे आकडे मुख्य कोष्टकात धरले गेले आणि दशकानुदशके पहिला असलेला टाय कॉब दुसरा झाला. गिब्सनच्या ०.३७२ या सरासरीने त्याला मागे टाकले. त्या वर्षी कुणी एक चेंडूही टोलवला नव्हता. बदलली होती ती मोजण्यात कुणाला धरायचे याची व्याख्या.

आपल्याकडचे उदाहरण तर घराजवळचे आहे. चर्मकार समाजातले बाळू पालवणकर पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखत आणि इंग्रज फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी करत. त्यांच्या डावखुऱ्या फिरकीची गरज म्हणून त्यांना हिंदू संघात घेतले गेले, पण चहाच्या वेळी त्यांचा पेला पॅव्हेलियनबाहेर आणि वेगळा. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या अखिल भारतीय संघासाठी त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे आले. भारताचा पहिला कसोटी सामना झाला १९३२ साली, तेव्हा बाळूंचे खेळण्याचे वय केव्हाच सरले होते. कसोटीच्या कोष्टकात त्यांचे नाव नाही. आणि बाळू निदान मैदानापर्यंत पोहोचले. जे रोलर ओढतच राहिले, त्यांच्यापैकी कुणाचा चेंडू कसा वळत होता, हे कोणते कोष्टक सांगणार?

आमच्या मते 'सर्वश्रेष्ठ' हा शब्द एखाद्या अपूर्णांकासारखा आहे. वाद घालताना आपण अंशाकडेच पाहतो : धावा, सेकंद, किलोमीटर. छेदात किती आणि कोण होते, ते विचारायचे राहून जाते.

वर्गात करून पाहा

हा विषय शाळेत तपासून पाहणे सोपे आहे. क्रीडास्पर्धेच्या दिवशी एकाच धावपटूची वेळ पाच विद्यार्थ्यांना पाच स्टॉपवॉचवर घेऊ द्या आणि उत्तरांची सरासरी व पांगापांग काढायला सांगा. शाळेच्या फलकावर दोन विक्रमांत ०.१ सेकंदाचा फरक असेल, तर तो या पांगापांगीपेक्षा मोठा आहे का, ते मुलांनाच ठरवू द्या. नंतर सर्व धावपटूंच्या वेळांचे प्रमाण विचलन काढा. पहिला आलेला मुलगा किती विचलने पुढे आहे ते पाहा.

आणि शेवटी हजेरीपट समोर ठेवून त्या दिवशी कोण धावले नाही, याची यादी करायला सांगा. कुणाकडे बूट नव्हते, कुणाला घरच्या कामासाठी थांबावे लागले, कुणाला 'मुलीने कशाला पळायचे' असे सांगितले गेले, हे मुले स्वतःच शोधून काढतील. पुढच्या वर्षीची शर्यत ठरवताना ही यादी जवळ ठेवावी.