बर्फावरचे चाक

आपल्याकडे पणत्या लागतात त्याच सुमारास पृथ्वीच्या वरच्या अंगाला पहिले बर्फ पडू लागते. पूर्वी या गोष्टीशी आपल्याला काही कर्तव्य नव्हते. आता तसे राहिलेले नाही. कुणाचा मुलगा टोरांटोला, कुणाची लेक म्युनिकला, कुणाचा पुतण्या स्टॉकहोमला. दिवाळीच्या फोनवर चकली खुसखुशीत झाली का, हे विचारून झाले की विषय निघतो तो थंडीचा आणि थंडीवरून मोटारीचा. इकडच्या वडीलधाऱ्यांचा सल्ला ठरलेला असतो: "चांगली मोठी, जड, दणकट गाडी घे. पैशाकडे पाहू नकोस. बर्फात हलकीसलकी गाडी काय कामाची?"

या सल्ल्यात माया पुष्कळ आहे. पण इतिहासाच्या कोर्टात तो उभा केला, तर साक्षीदार बहुतेक विरुद्ध बाजूचे निघतात. बर्फात कोणती गाडी चांगली, हा प्रश्न माणसाला मोटारीइतकाच जुना आहे आणि त्याची निरनिराळी उत्तरे निरनिराळ्या काळी दिली गेली आहेत. ती क्रमाने पाहू.

आधी बर्फ काय करते ते समजून घ्यावे. मोटार कितीही मोठी असो, तिचा रस्त्याशी संबंध येतो तो चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी जेमतेम तळहाताएवढ्या जागेपुरता. वेग घेणे, वळणे, थांबणे ही तिन्ही कामे त्या चार तळहातांच्या पकडीवर चालतात. गुळगुळीत बर्फावर ही पकड कोरड्या सडकेच्या दशांशापर्यंत खाली येते. पावसाळ्यात लाल मातीच्या उतारावर ज्याने सायकल घातली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. एंजिनात शंभर घोडे असोत की तीनशे, चाकाने जमीन धरली नाही तर ते सारे घोडे ठाणावरच टापा आपटत राहतात.

पहिले नामांकित उत्तर निघाले ते रशियाच्या झारच्या मोटारखान्यात. निकोलस दुसरा याच्या पदरी आडोल्फ केग्रेस नावाचा एक फ्रेंच यंत्रज्ञ होता. रशियाच्या हिवाळ्यात बादशाही मोटारी रुतून बसत. केग्रेसने मागची चाके काढून तेथे फिरता लवचिक पट्टा बसवला आणि पुढे घसरपट्ट्या लावल्या. वजन पट्ट्याच्या सबंध लांबीवर वाटले गेले आणि गाडी बर्फात न बुडता वरून चालू लागली. पुढे १९१७ साली क्रांती झाली. झार गेला, केग्रेस मायदेशी परतला. पण युक्ती मागे राहिली. लेनिनसाठी एका रोल्स रॉइस मोटारीला असेच पट्टे चढवण्यात आले आणि ती गाडी मॉस्कोजवळच्या गोर्की येथील संग्रहालयात जपून ठेवली आहे. बादशहासाठी काढलेल्या युक्तीने बादशाही उलथणाऱ्याला हिंडवले. बर्फाला राजा आणि रंक यांतला भेद कळत नाही तो असा.

केग्रेसला फ्रान्समध्ये सित्रोएन या मोटार-कारखानदाराने हाताशी धरले. त्यांच्या पट्टेवाल्या गाड्यांनी आधी सहारा ओलांडला आणि १९३१ साली त्यांपैकी दोन श्रीनगरहून निघून, १३ हजार फुटांहून उंच अशी बुर्झिलची खिंड पार करून गिलगिटला पोचल्या. पराक्रम मोठाच; पण असली गाडी घेऊन कुणी रोज कचेरीला जात नाही. संसारी माणसाच्या प्रश्नाला हे उत्तर नव्हे.

संसारी माणसाच्या गाडीची खरी परीक्षा झाली ती मोनाकोच्या चिमुकल्या राज्यात. १९११ साली तेथे 'माँते कार्लो रॅली' सुरू झाली. युरोपातील निरनिराळ्या शहरांतून ऐन जानेवारीत मोटारी निघत आणि भूमध्य समुद्राच्या काठी मुक्कामाला येत. वाटेत आल्प्स पर्वताचे घाट, खाली खोल दरी, वर बर्फ. थंडीत आपल्या किनाऱ्याला पाहुणे यावेत, हा यजमानांचा हेतू. पण आयतीच एक कसोटी उभी राहिली. मी शाळामास्तर असल्यामुळे मला निकालाचे तक्ते वाचायची सवय आहे. या परीक्षेचे निकाल ओळीने मांडले की जी गोष्ट दिसते ती भल्याभल्यांना चकित करील.

१९६२ आणि १९६३ अशी लागोपाठ दोन वर्षे पहिला नंबर मिळवला तो स्वीडनच्या एरिक कार्लसनने. त्याची गाडी साब ९६. साब हा मूळ विमाने बांधणारा कारखाना. गाडीचे एंजिन तीन सिलिंडरचे आणि ८४१ सीसीचे. आपल्या आजच्या लहानशा कुटुंबाच्या गाडीएवढे, आणि तेही पेट्रोलात तेल मिसळून चालणारे. पण ते बसवले होते पुढच्या चाकांच्या डोक्यावर, आणि गाडी ओढत होती तीही पुढचीच चाके. कार्लसन उजव्या पायाने वेग कायम ठेवी आणि डाव्या पायाने ब्रेक हलकेच दाबी. त्यासरशी मागचे अंग घसरून वळणाकडे फिरे, पुढची चाके गाडीला बाहेर ओढून काढीत. गाड्या उलट्या करण्यातही त्याचा हातखंडा असल्यामुळे लोक त्याला लहान मुलांच्या एका गोष्टीतल्या पात्रावरून 'छपरावरचा कार्लसन' म्हणत!

नंतर आली मिनी. १९५६ साली सुवेझचे प्रकरण पेटले, इंग्लंडात पेट्रोलची चणचण झाली आणि थोड्या तेलात चालणारी गाडी हवी म्हणून आलेक इसिगोनिस या अभियंत्याने ती आखली. १९५९ साली बाजारात आलेली ही गाडी लांबीला अवघी दहा फूट, चाके दहा इंची. एंजिन आडवे घालून पुढच्या चाकांवर ठेवलेले. रॅलीचा विचार तिच्या जन्माच्या वेळी कुणाच्या स्वप्नातही नव्हता. १९६४ साली पॅडी हॉपकर्कने असली एक मिनी मिन्स्कहून काढली आणि माँते कार्लोत पहिला नंबर पटकावला. दुसरी आली ती फोर्ड फाल्कन. तिचे एंजिन मिनीच्या चौपटीहून मोठे. न्यायाने बोलायचे तर घाटातले सर्वांत जलद वेळ फाल्कनचेच होते आणि लहान एंजिनांना नियमांत काही सवलत होती. म्हणून कुणी म्हणेल, की हा नियमांचा विजय.

त्या शंकेचे निरसन पुढच्याच वर्षी झाले. १९६५ साली वाटेत भयंकर हिमवादळ आले. निघालेल्या २३७ गाड्यांपैकी जेमतेम ३५ निभावल्या. त्यांत पहिला आला फिनलंडचा तिमो मॅकिनेन, मिनी घेऊन. सबंध वाटेत उशिराचा एकही गुण न गमावणारा तो एकटाच. हवा जितकी वाईट, तितकी ही टीचभर गाडी पुढे!

१९६६ सालची कथा मात्र दुःखद आहे. त्या वर्षी पहिल्या तिन्ही जागी मिनी आल्या. परीक्षकांनी गाड्या तासन्‌तास खोलून पाहिल्या आणि अखेर दोष काढला तो दिव्यांत: पुढच्या मोठ्या दिव्यांचे बल्ब एकाच तारेचे असून प्रकाश खाली करण्याची त्यांची पद्धत नियमात बसत नाही. तिन्ही गाड्या बाद झाल्या आणि फ्रेंच बनावटीच्या सित्रोएनला, म्हणजे पाउली तोइवोनेनला, पहिला नंबर मिळाला. कॉपी न करता पहिल्या आलेल्या मुलाला समासाची रेघ वाकडी म्हणून नापास करावे, तसा हा न्याय. राउनो आल्तोनेनने १९६७ साली पुन्हा मिनीच घेऊन नंबर आणला आणि वादावर पडदा टाकला.

आता तो तक्ता पुरा पाहा. १९६८ पासून तीन वर्षे पोर्शे ९११ जिंकली. तिचे एंजिन मागे आणि ओढही मागच्या चाकांना. १९७१ आणि १९७३ ला अल्पीन, तीही तशीच. १९७२ ला लान्सिया फुल्विया: एंजिन पुढे, ओढ पुढे. १९६२ ते १९७९ या काळात ज्या गाडीचे एंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, अशी एकही गाडी येथे पहिली आलेली नाही. त्या काळी जगातल्या मोठ्या, दिमाखदार गाड्या बहुतेक याच घडणीच्या असत. कारण साधे आहे. जे चाक गाडी ओढते त्याच्या डोक्यावर वजन असेल तर ते जमिनीला चिकटून राहते. रिकाम्या ट्रकची मागची चाके चिखलात भिरभिरतात, पोती भरली की तीच धरतात, हे आपल्याकडचा कुठलाही क्लीनर सांगेल. गाडीचे वजन किती, यापेक्षा ते कुठे, हा प्रश्न मोठा. हे झाले दुसरे उत्तर.

तिसरे उत्तर जपानच्या ईशान्येकडून आले. तेथील वीज कंपनीच्या माणसांना भर हिमवर्षावात डोंगरातल्या तारा तपासत हिंडावे लागे. जीप चाले, पण तीत थंडीने जीव जाई. घरगुती गाडीसारखी उबदार आणि चारही चाकांनी ओढणारी गाडी त्यांना हवी होती. त्यातून १९७२ साली सुबारू लिओनी ही गाडी आली. पुढे १९७७ च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये योर्ग बेन्सिंगर या ऑडीच्या अभियंत्याला दिसले, की अवघ्या ७५ अश्वशक्तीची इल्टिस ही लष्करी गाडी बर्फावर कितीतरी बलवान मोटारींना मागे टाकते आहे. कारण तिची चारही चाके कामाला लागलेली. १९८० साली ऑडी क्वात्रो बाहेर पडली आणि १९८४ च्या माँते कार्लोत पहिल्या तिन्ही जागा क्वात्रोंनीच घेतल्या. जोर चार चाकांत वाटला म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडा येतो आणि ते घसरत नाही.

येथे पुष्कळ लोक पुस्तक मिटतात, आणि धोका नेमका येथेच आहे. चारही चाकांची ओढ गाडीला निघायला मदत करते, चढायला मदत करते. थांबायला काडीचीही करीत नाही. ब्रेक प्रत्येकच मोटारीला चारही चाकांना असतात. तेव्हा अशी गाडी बर्फावर झोकात सुटते, हाकणाऱ्याला वाटते रस्ता चांगला आहे, आणि पुढच्या वळणावर कळते की रस्ता काही बदललेला नव्हता. त्यात गाडी जड असली तर आवरायला आणखी अवघड. वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यातला दणकटपणा येथे उलटतो.

थांबवतो तो टायर. त्याचा शोध फिनलंडचा. तेथील रबर कारखान्याने १९३४ साली ट्रकसाठी खास हिवाळी टायर काढले आणि १९३६ साली मोटारींसाठी 'हक्कापेलित्ता' नावाचे. हे जुन्या फिनिश घोडेस्वारांचे नाव. साधे रबर सुमारे सात अंशांखाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर मऊ राहते आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. १९८६ साली ऑडीने एक चमत्कार दाखवला: स्की-उडीच्या उभ्या उतारावरून गाडी वर चढवली. जगाने चार चाकांच्या ओढीचे कौतुक केले. त्या चाकांच्या टायरांना खिळे मारलेले होते, तिकडे फारसे कुणी पाहिले नाही. स्वीडन सरकारने मात्र पाहायचे तेच पाहिले. १९९९ पासून तेथे हिवाळी रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. गाडी कोणती घ्यावी याची सक्ती नाही.

आणि एक साक्षीदार उरला. जर्मनीच्या वाल्टर रोर्लने ही रॅली १९८०, १९८२, १९८३ आणि १९८४ अशी चार वेळा जिंकली: फियाट, ओपेल, लान्सिया, ऑडी. चार वर्षे, चार कारखान्यांच्या गाड्या. त्यांतल्या पहिल्या दोन तर एंजिन पुढे आणि ओढ मागे अशाच, म्हणजे आपल्या तक्त्याने नापास ठरवलेल्या! हात जाणता असला की तक्ताही वाकतो. पण रोर्ल घरोघर जन्मत नाहीत, म्हणून बाकीच्यांनी तक्त्याचे ऐकावे.

तेव्हा यंदा फोनवर विषय निघालाच तर गाडीच्या आकाराची चौकशी नंतर करावी. आधी विचारावे, "हिवाळी टायर चढवलेस का?" आणि मग सांगावे, "सावकाश जा. पुढच्या गाडीपासून लांब राहा." मोठ्या गाडीचे कर्ज वर्षानुवर्षे फेडावे लागते. हा सल्ला फुकट आहे, आणि आल्प्सच्या घाटांत तावूनसुलाखून निघालेला आहे.