समोरच्या काकूंची वही

हिंजवडीत माझ्या भाड्याच्या फ्लॅटसमोर मुलाकडे राहणाऱ्या काकू चेन्नईच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आम्हीपण मराठीच." आडनाव राव. बोलण्याचा हेल तमिळ, शब्द बरेचसे ओळखीचे. मी पीएचडी करतेय तंजावरच्या मराठी लोकांवर, म्हटल्यावर ओळख वाढणारच होती!

थोडक्यात पार्श्वभूमी. 1675-76 च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तंजावर घेतलं. आले होते आदिलशाहीचे सरदार म्हणून, राहिले ते कायमचे. त्यांच्यामागोमाग शिपाई, कारकून, शास्त्री, कीर्तनकार तिकडे गेले. 1799 मध्ये सरफोजी दुसरे यांच्या काळात कारभार कंपनीकडे गेला, 1855 मध्ये औरस मुलगा नाही म्हणून राज्यच खालसा झालं.

पुस्तकं बहुतेक इथंच थांबतात. मला पुढचं हवंय: राज्य गेलं, मग घरातली मराठी कशी टिकली? (सांबाराची गोष्ट मुद्दाम टाळतेय. तिला समकालीन कागदाचा आधार नाही.)

दरबारी मराठी सापडते. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजींनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास देवनागरीत कोरून घेतला. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद आहेत. पण पुढच्या पिढ्यांचं पोट इंग्रजीवर चाललं. टी. माधवराव बघा. जन्म कुंभकोणम, 1828. मद्रासला इंग्रजी शिकून त्रावणकोरचे दिवाण झाले, नंतर इंदूर, बडोदे. म्हणजे होळकर-गायकवाडांच्या दारात हा मराठी माणूस पोचला तो इंग्रजीच्या शिडीवरून. नावातला 'टी' तंजावरचा.

घरात मोडी वाचणारं कुणी उरलं नाही. काकूंच्या आईची पाककृतींची वही मराठीत आहे, पण तमिळ लिपीत. त्या लिपीत क-ख-ग-घ ला एकच अक्षर, ट-ठ-ड-ढ लाही एकच. त्यामुळे कढी, घडी, गडी तिन्ही सारखेच दिसतात. घरची बोली कानात असेल त्यालाच ती वही वाचता येते. मला मोडी येते, तमिळ अक्षरं अजून शिकतेय. काकूंचा मुलगा इथल्याच आयटी कंपनीत आहे, त्याला मराठी समजते, पण वही उलगडत नाही.

म्हणून सध्या रविवारी सकाळी काकू वाचतात, मी देवनागरीत उतरवते. बारा पानं झालीत. परवा एका शब्दाशी त्या बराच वेळ थांबल्या, दोनदा पुटपुटल्या आणि म्हणाल्या, "हे आई कसं म्हणायची, ते आठवू दे."