कृष्णपुऱ्याचा पूल आणि इंदूरचे दोन काठ

नगराचा इतिहास आपण सहसा राजवाड्यात आणि दप्तरखान्यात शोधतो. तो नगरातील पुलांवरही वाचता येतो, हे मला आज सांगावयाचे आहे. इंदुरात त्यासाठी कृष्णपुऱ्याच्या पुलाइतके योग्य स्थळ मला दुसरे दिसत नाही.

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपुरास होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि त्याच वर्षी इंदूर राजधानी झाले. तहानंतर इंग्रजांचा रेसिडेंटही येथे आला. खान नदीच्या पश्चिमेस होळकरांचा राजवाडा आणि पूर्वेस, काही अंतरावर, रेसिडेन्सी, अशी सत्तेची दोन ठाणी उभी राहिली. तेव्हापासून नदी ओलांडणे म्हणजे एका कारभारातून दुसऱ्याकडे जाणे झाले.

ज्यांच्या नावे हा भाग ओळखला जातो, त्या कृष्णाबाई पहिल्या यशवंतरावांच्या पत्नी आणि तिसऱ्या मल्हाररावांच्या मातोश्री. १८४४ साली दुसरे तुकोजीराव अल्पवयात गादीवर आले, तेव्हा कारभारावर या अनुभवी स्त्रीची देखरेख होती. १८४९ मध्ये त्या निवर्तल्या. पुलालगत त्यांची छत्री आहे; शेजारी तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या छत्र्या आहेत. अहिल्याबाईंचे पुण्यस्मरण आपण नित्य करतो. कृष्णाबाईंचे नाव मात्र रोज उच्चारूनही आपण विसरलो आहोत.

पुढे तुकोजीरावांनी खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. रेल्वे आली, व्यापार वाढला. पण रुळांनी नगरात दुसरी रेषा ओढली. स्वातंत्र्योत्तर काळात तीवर शास्त्री पूल झाला. म्हणजे राजवाड्याहून पूर्वेस जाणारा महात्मा गांधी मार्ग आधी निसर्गाने आखलेली रेषा ओलांडतो आणि मग इतिहासाने आखलेली.

पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली होळकर दरबारास सादर केलेल्या नगररचनेच्या अहवालात नदीकाठ स्वच्छ आणि शोभिवंत करण्यावर भर दिला होता. त्यानंतर कित्येक दशके आपण त्या नदीत सांडपाणी सोडले. पूल काठ जोडतो. खालच्या पाण्याची जबाबदारी त्यावरून जाणाऱ्यांची असते. विद्यार्थिमित्रहो, कृष्णाबाई कोण होत्या हे ज्याला ठाऊक आहे, तो त्या पुलावरून निर्माल्याची पिशवी सहजी खाली टाकणार नाही. इतिहास शिकण्याचे एवढे फळ मला पुरेसे वाटते.