चार रुपये दोन आणे

मृत्यू हा विषय स्मरणिकेच्या पानांवर सहसा येत नाही. येथे शिक्षण, संस्कार, विद्यार्थ्यांचे यश यांविषयी लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या शाळांतील कितीतरी मुलांचे शिक्षण अभ्यास जमला नाही म्हणून सुटलेले नाही. घरातील कर्ता माणूस गेला आणि त्यामागोमाग घराची घडी विस्कटली, म्हणून ते सुटले. कर्ता गेल्यावर पहिल्या चाळीस दिवसांत जो खर्च होतो आणि पुढच्या दोन-चार वर्षांत वारसांमध्ये जो वाद होतो, त्यात मुलांची फी, पुस्तके आणि कधी कधी राहते घरही जाते. म्हणून या विषयाकडे इतिहासाच्या आधाराने पाहू या. तो इतिहास आपल्या जिल्ह्यातलाच आहे.

1707 सालच्या मार्च महिन्याच्या 3 तारखेस, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, बादशहा औरंगजेब अहमदनगरजवळ भिंगारच्या छावणीत मरण पावला. (या शहराचे व जिल्ह्याचे नाव 2024 पासून अहिल्यानगर झाले आहे.) त्याच्या राजकारणाचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. महाराष्ट्राने त्याच्याशी पंचवीस वर्षे झुंज दिली, तो इतिहास आपण सर्वांनी शाळेत वाचला आहे. येथे आपल्याला पाहायचे आहे ते केवळ त्याच्या कफनाचे.

हमीदुद्दीन खान याच्या नावावर असलेल्या एका फारसी ग्रंथात बादशहाची एक वसियत दिली आहे. इतिहासकार सर जदुनाथ सरकार यांनी तिचे इंग्रजी भाषांतर केले. ती शब्दशः बादशहाचीच आहे की नाही, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण तिच्यातील विचार मननीय आहे. टोप्या शिवून मिळालेले चार रुपये दोन आणे महालदाराकडे आहेत, त्यांतून माझे कफन करावे, असे तीत म्हटले आहे. कुराणाच्या प्रती लिहून मिळालेले तीनशे पाच रुपये मृत्यूच्या दिवशी फकिरांना वाटावेत, ते कफनासाठी वापरू नयेत. उरलेले साहित्य शहजादा आझम याच्या वकिलाकडून घ्यावे. जनाज्यावर जाडेभरडे पांढरे कापड घालावे, वर छत नको, वाजंत्री नको. पुढे खुलदाबाद येथे शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात त्याला दफन केले गेले. ती कबर उघडी व साधी होती. भोवतीची संगमरवरी जाळी पुष्कळ नंतरची आहे.

याउलट आपल्याच शहराजवळ शाह डोंगरावर सलाबतखानाची तीन मजली अष्टकोनी कबर उभी आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती मैलोगणती अंतरावरून दिसते, पण आत कोण निजला आहे हे दहांतल्या नऊ जणांना ठाऊक नसते. थडग्यावर केलेला खर्च माणसाचे नाव टिकवतोच असे नाही, हे यावरून ध्यानात यावे.

धर्माने कफन-दफनाचा खर्च मुळात फार थोडा ठेवला आहे. पुरुषासाठी तीन आणि स्त्रीसाठी पाच कापडे, गुस्ल, नमाज आणि कब्रस्तानातील जागा. जनाजा ही फर्ज-ए-किफाया आहे, म्हणजे काही जणांनी ती पार पाडली की साऱ्या वस्तीवरील जबाबदारी उतरते, आणि कोणीच पार पाडली नाही तर सारे दोषी ठरतात. मौलाना आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना एप्रिल 1943 मध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. पतीला खांदा देता आला नाही. तो इतरांनी दिला. ज्या घरी माणूस नाही किंवा पैसा नाही, त्या घराची लाज राखणे हे जमातीचे काम आहे, असा याचा अर्थ.

मग खर्च वाढतो कोठे? तो वाढतो जियारतीच्या व चाळीसाव्याच्या जेवणावळीत. लोक काय म्हणतील या धाकाने विधवा दागिने मोडते आणि मुलगा सावकाराकडे जातो. शरियतीनुसार मयताच्या मालमत्तेतून निघतो तो योग्य कफन-दफनाचा खर्च. जेवणावळीचा खर्च त्यात धरता येत नाही. तो करायचाच असेल तर सज्ञान वारसांनी आपल्या हिश्शातून करावा. पोरक्या मुलांच्या हिश्शाला हात लावू नये.

मालमत्तेचा हिशेब चार पायऱ्यांनी होतो. पहिली पायरी कफन-दफनाची. दुसरी कर्जफेडीची, आणि न दिलेला मेहर हेही कर्जच आहे हे पुष्कळांना माहीत नसते. विधवेचा मेहर ही मेहरबानी नव्हे. वारसांच्या आधी तिचे देणे द्यावे लागते. तिसरी पायरी वसियतीची; उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच ती करता येते, आणि सुन्नी हनफी पद्धतीत वारसालाच वसियतीने काही द्यायचे तर इतर वारसांची संमती लागते. चौथी पायरी वारसांच्या हिश्शांची.

उदाहरण घ्या. एका गृहस्थाने एक लाख रुपये मागे ठेवले. आई-वडील हयात नाहीत. पत्नी, एक मुलगा व दोन मुली आहेत. दफनाचे आठ हजार, कर्ज व मेहराचे बारा हजार वजा केले. वसियत नाही. उरले ऐंशी हजार. पत्नीचा आठवा हिस्सा दहा हजार. राहिलेल्या सत्तर हजारांत मुलाला पस्तीस हजार आणि प्रत्येक मुलीला साडेसतरा हजार. हा हिशेब चौथीतील मुलालाही करता येईल. अडचण गणिताची नसते, नियतीची असते.

ही अडचण जुनी आहे. 1847 साली मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात खोजा व मेमन समाजातील मुलींनी बापाच्या मालमत्तेत हिस्सा मागितला. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी समाजाची रूढी ग्राह्य धरली आणि मुलींचा दावा गेला. अशा रूढींना बाजूस सारून वारसाहक्कात शरियत लागू करणारा कायदा 1937 साली झाला; शेतजमीन मात्र त्यातून वगळली होती. कायदा होऊन इतकी वर्षे लोटली, तरी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेण्याची रीत अनेक घरांत चालू आहे. ती धर्माची रीत नव्हे.

आता कागदपत्रांविषयी थोडे. मृत्यूची खबर 1969 च्या कायद्याने एकवीस दिवसांत नोंदवावी आणि दाखल्याच्या चार-सहा प्रती घेऊन ठेवाव्यात. शेतजमीन असेल तर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी अर्ज द्यावा आणि सात-बारावर मुलींची व विधवेची नावे लागली की नाही हे स्वतः पाहावे. मुसलमानाच्या वसियतीला प्रोबेट सक्तीचे नाही. मात्र येणे रक्कम, रोखे वगैरेंसाठी 1925 च्या भारतीय वारसा कायद्याखाली वारसा प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते, आणि जुन्या मुंबई इलाख्यातील आपल्या जिल्ह्यात 1827 च्या रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयाकडून वारस दाखलाही मिळतो. बँकेच्या ठेवीवर ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लागले आहे तो रक्कम स्वीकारणारा असतो, एकटा मालक नव्हे. आणि अज्ञान मुलांचा स्थावर हिस्सा चुलत्याला काय, आईलाही परस्पर विकता येत नाही; त्यासाठी 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयात जावे लागते.

मदतीच्या वाटाही आहेत. दारिद्र्यरेषेखालील घरातील 18 ते 59 वयाचा कमावता माणूस गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून वीस हजार रुपये मिळतात. अर्ज तहसील कचेरीत करावा लागतो. निराधार विधवेसाठी संजय गांधी निराधार योजना आहे. पण सरकारी मदत यायला वेळ लागतो, आणि शाळेची फी थांबत नाही. तेथे जमातीचे बैतुलमाल उपयोगी पडावे. आपल्या शहरातील दमडी मशिदीविषयी अशी आख्यायिका सांगतात की किल्ल्याच्या बांधकामावरील मजुरांनी रोजच्या कमाईतून एकेक दमडी काढली आणि ती मशीद उभी राहिली. ज्या गावात दमडी-दमडीने मशीद उभी राहिल्याचे सांगतात, त्या गावात पोरक्या मुलाच्या दहावीच्या फीसाठी जमात उभी राहू नये काय?

आता पुन्हा बादशहाकडे वळू. कफनाचा हिशेब त्याने आण्यापर्यंत केला. राज्य तीन मुलांत वाटून घ्यावे, असेही त्याने लिहून ठेवल्याचे सांगतात. पण ती वाटणी कोणी मानली नाही. त्याच वर्षी जून महिन्यात आग्र्याजवळ जाजाऊच्या लढाईत आझम मारला गेला. जानेवारी 1709 मध्ये हैदराबादजवळ कामबख्शचा शेवट झाला. तिघांपैकी एक उरला. वसियत लिहून ठेवणे पुरेसे नाही. आपल्या हयातीतच वारसांना समोर बसवून, मुलींसकट, ती समजावून सांगितली पाहिजे.

पालकहो, एक साधी वही घ्या. तीत देणे, येणे, पत्नीचा मेहर, जमिनीचे गट क्रमांक, बँकेची खाती आणि माझ्यामागे जेवणावळ नको ही सूचना लिहा, आणि दोन साक्षीदारांसमोर सही करा. विद्यार्थी मित्रांनो, वडिलांना हे काम सांगायला संकोचू नका. लिहायला त्यांना मदत करा. मरणाची तयारी केल्याने मरण जवळ येत नाही. मागे राहणाऱ्यांचे जगणे मात्र सुकर होते.