दारफाळणीचा सण
कोकणातील बेने इस्रायल या ज्यू समाजात योम किप्पूर या प्रायश्चित्तदिनाला रूढ असलेले नाव. दारे लावून, पांढरी वस्त्रे नेसून दिवसभर उपवास करण्याच्या रीतीवरून ते पडले. प्राचीन इस्राएली उपासनेत (लेवीय, अध्याय 16) या दिवशी महायाजक एका बोकडाचे रक्त परमपवित्रस्थानी शिंपडी, तर दुसऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून लोकांची पापे कबूल करी आणि त्याला रानात धाडी. ‘बळीचा बकरा’ म्हणून ओळखला जाणारा हा बोकड वेदीवर मात्र कधीच चढत नसे. रक्तात जीव असतो या धारणेमुळे रक्त शुद्धिद्रव्य मानले जाई. इ. स. 70 मध्ये जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर बळींची जागा प्रार्थना-उपवासांनी घेतली. बेने इस्रायलांचा गूळ-खोबरे कालवलेल्या पोह्यांचा, एलियाहू हन्नाबीच्या (संदेष्टा एलियाच्या) नावाचा मलिदा हा नैवेद्य मात्र नवसाचा व आभाराचा असतो, पापक्षालनाचा नव्हे.