गेलेल्या कारकुनाची खुर्ची

कर्नल म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आधी मिशा येतात. संगणकवाल्यांचा कर्नल मात्र बिनमिशांचा. लिनक्स नावाच्या प्रणालीचा तो गाभा. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने विद्यार्थिदशेत, १९९१ साली, तो जगापुढे ठेवला आणि तेव्हापासून त्याच्या आवृत्त्या निघताहेत. आमच्या बँकेत परिपत्रकं निघतात तशा. फरक इतकाच, की आवृत्त्यांची लोक वाट पाहतात.

२००८च्या सप्टेंबरात २.६.२७ या आवृत्तीची चाचणी चालू होती. हौशी मंडळींनी ती यंत्रावर चढवली आणि काहींचं इंटेलचं नेटवर्क कार्ड एकदम मुकं झालं. अशा वेळी शहाणा माणूस जुन्या कर्नलकडे परत जातो. हेही गेले. पण कार्ड बोलेना! कारण मार बसला होता तो थेट कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीला.

या स्मृतीत कार्डाचा पत्ता आणि इतर नोंदी असतात. ‘ई१०००ई’ नावाचा ड्रायव्हर कामावर आला की आधी चौसष्ट नोंदींची बेरीज करतो. सोळावर आधारलेल्या अंकपद्धतीत ती ‘बीएबीए’ यावी लागते. वाचायला चक्क ‘बाबा’! बेरजेत बाबा आले नाहीत, तर स्वारी कामाला हात लावत नाही. आमच्या हेडकॅशियरचा हा सख्खा चुलतभाऊच म्हणायचा.

आता संशय कुणावर? कार्ड ज्याच्या ताब्यात, त्याच ड्रायव्हरवर. मग पडद्यावर चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर. उबुंटूवाल्यांनी तर आपल्या चाचणी-आवृत्तीत ई१०००ई बंदच करून टाकला. म्हणजे चौकशी पुरी होईपर्यंत निलंबन!

ऑक्टोबरात खरा गुन्हेगार सापडला, आणि तो निघाला तपासनीस! नाव एफट्रेस. कर्नलमधलं कुठलं काम केव्हा चालतं, हे पाहणं त्याचा धंदा. त्यासाठी कामाकामाच्या तोंडाशी हजेरीची एक ओळ असे. नको असेल तेव्हा ती निकामी करायची, म्हणून त्याने सगळ्यांच्या पत्त्यांची यादी ठेवली होती. पण काही मंडळी सुरुवातीचं काम आटोपलं की निवृत्त होतात आणि त्यांची जागा दुसऱ्याला मिळते. यादीत पत्ता जुनाच! आणि त्या खुर्चीत आता कार्डाची स्मृती येऊन बसलेली.

‘‘आपणच का ते?’’

‘‘नाही बुवा.’’

तुम्ही-आम्ही इथून ‘माफ करा’ म्हणून परत फिरलो असतो. पण एफट्रेसने वापरलेली प्रोसेसरची आज्ञा जुळलं नाही तरी लिहितेच. जे वाचलं तेच पुन्हा लिहून ठेवते. साध्या स्मृतीला त्याचं काही वाटत नाही. कार्डाच्या बाबतीत मात्र असं लिहिणं म्हणजे हुकूम! त्यात आतल्या नोंदी पुसल्या गेल्या.

मग कार्डाच्या स्मृतीला कुलूप लागलं आणि २.६.२७.१ मध्ये एफट्रेसची ही खोड बंद झाली. ड्रायव्हर निर्दोष सुटला. त्याची कुणी माफी मागितली की नाही, कोण जाणे. निलंबन मागे घेताना माफीचा रकाना नसतोच. पण मला वाटतं, चौकशीत पहिला प्रश्न ‘गल्ला कुणाच्या ताब्यात होता’ हा नसावा. ‘तपासनिसाची यादी कोणत्या सालची’ हा असावा.